बर्फावरची चार भावंडं

दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला माझ्या छाणीच्या घरात कॅनडाची सकाळ उजाडते. मी हिंचक्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत असते. फोन वाजतो आणि पडद्यावर नात दिसते. वय वर्षं दहा, केस घट्ट बांधलेले, हातमोजे दातांत धरलेले, मागे पांढराफेक बर्फाचा रिंक. तिचा स्केटिंगचा वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटं असतात, तेवढी माझी.

लेक आणि जावई गेली बारा वर्षं टोरांटोजवळच्या ओकव्हिल गावात आहेत. मागच्या हिवाळ्यात मी तिथे चार महिने होते, तेव्हा आठवड्यातून दोनदा त्या रिंकच्या बाकावर कुडकुडत बसले. बर्फ म्हणजे आमच्या लेखी लग्नात सरबतासाठी भुश्यात गुंडाळून आणायची लादी. त्यावर माणसं नाचतात हे सिनेमात पाहिलं होतं, पण आपली नात त्यावर पडते, उठते, पुन्हा पडते, हे बघताना पोटात गोळा येतो. लेक मात्र निवांत. "आई, इथे आधी पडायलाच शिकवतात," म्हणाली.

तर गेल्या महिन्यात नातीला शाळेतून काम मिळालं. आपल्या गावात बाहेरून येऊन राहिलेल्या एखाद्या माणसाबद्दल लिहून आणायचं. तिने अर्थातच स्केटिंगवाले निवडले. नाव येलिनेक. ओटो आणि मारिया, सख्खी भाऊ-बहीण. "आजी, तू मदत कर, तुला वाचायला आवडतं ना?" मग काय, दोन शनिवार ती तिथून आणि मी इथून एकच गोष्ट शोधत होतो. मंडळाच्या अंकासाठी 'खेळ' या विषयावर काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा माझ्याकडे हीच गोष्ट तयार होती. क्रिकेटवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी तुम्हाला 1962 सालच्या प्रागला नेते.

पण आधी हा खेळ थोडा समजून घेऊ, कारण मलाही तो आत्ताच समजला.

फिगर स्केटिंगमधलं 'फिगर' म्हणजे आकृती. आज आपण टीव्हीवर उड्या आणि गिरक्या पाहतो, पण त्या काळी स्पर्धेचा मोठा भाग अगदी शांत असायचा. स्वच्छ बर्फावर खेळाडू एकटा यायचा आणि बुटाच्या पात्याने इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या ठरावीक आकृत्या काढायचा. त्याच रेघेवरून पुन्हा, आणि पुन्हा. मग पंच खाली वाकून ती रेघ तपासायचे. गोल खरंच गोल आहे का, दुसऱ्या फेरीची रेघ पहिलीवरच पडली का. मला तर आमच्या दांडिया बाजारच्या घरासमोर रांगोळी काढणाऱ्या आईचीच आठवण झाली. फरक एवढाच की ही रांगोळी एका पायावर तोल सांभाळत, पात्याच्या धारेने काढायची. एकेरी स्पर्धेत या आकृत्यांना 60 टक्के गुण असत आणि संगीतावरच्या मुक्त सादरीकरणाला फक्त 40. आकृत्या 1990 नंतर जागतिक स्पर्धांतून गेल्या. खेळाचं नाव तेवढं राहिलं.

गुण तेव्हा सहापैकी असत. नऊ पंच, आणि प्रत्येकाचे दोन गुण : एक करामतीला, एक सादर करण्याच्या ढंगाला. सहापैकी सहा म्हणजे चूक काढायला जागाच नाही. असे सहा मिळणं फार दुर्मीळ होतं. बडोद्यात वाढलेल्या माणसाला हे पटकन कळावं. आपल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब पाहिलेल्या कुणालाही विचारा. ताकद वेगळी आणि सफाई वेगळी. मुलगा खांबावर चढतो कसा यापेक्षा उतरतो कसा, याकडे जुन्या माणसांचं लक्ष असायचं.

आता प्रागकडे येऊ. खरं तर ही जागतिक स्पर्धा प्रागला 1961 सालीच व्हायची होती. 15 फेब्रुवारी 1961 रोजी अमेरिकेचा संघ न्यूयॉर्कहून ब्रुसेल्समार्गे तिकडे निघाला होता. ब्रुसेल्सच्या विमानतळाजवळ, बर्ग या खेड्याच्या शिवारात त्यांचं बोइंग 707 विमान कोसळलं. विमानातले सर्व 72 जण गेले, आणि खाली शेतात काम करणारा एक शेतकरीही. त्यात अमेरिकेचे 18 स्केटर होते. प्रशिक्षक, पंच आणि घरची माणसं धरून त्या संघाबरोबरची 34 माणसं होती. लॉरेन्स ओवेन ही 16 वर्षांची मुलगी नुकतीच अमेरिकेची विजेती झाली होती. त्याच आठवड्यात एका नामांकित क्रीडा साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो छापून आला होता. तिची थोरली बहीण आणि आई, दोघीही त्याच विमानात. आई मॅरिबेल व्हिन्सन-ओवेन ही स्वतः नऊ वेळा राष्ट्रीय विजेती होती आणि अनेकांची गुरू.

हे वाचताना नातीने मला थांबवलं. "आजी, हे मी प्रोजेक्टमध्ये नाही लिहिणार." मी म्हटलं, नको लिहूस. पण एक सांगितलं की त्या माणसांच्या नावाने अमेरिकेच्या स्केटिंग संघटनेने एक निधी उभा केला आणि त्यातून आजही होतकरू मुलांना मदत मिळते. यावर ती जरा वेळ गप्प होती.

त्या वर्षीची जागतिक स्पर्धा रद्द झाली. पुढच्या वर्षी, मार्च 1962 मध्ये, ती पुन्हा प्रागलाच भरली. अमेरिकेने नवा, कोवळा संघ पाठवला. बार्बरा रोल्स ही 1960 च्या ऑलिम्पिकची कांस्यपदक विजेती. लग्न होऊन, मूल होऊन ती खेळातून बाहेर पडली होती. देशाला खेळाडूच उरले नाहीत म्हणून ती परत बर्फावर उतरली आणि प्रागमध्ये पाचवी आली. पदक कुणालाच मिळालं नाही, पण संघ उभा राहिला.

आणि आता आमचे ओकव्हिलवाले.

येलिनेक कुटुंब मूळचं प्रागचं. वडिलांचा बुचांचा, म्हणजे कॉर्कचा कारखाना. 1948 साली झेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, कारखाने सरकारजमा होऊ लागले, आणि हे कुटुंब देश सोडून पळालं. ओटो तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा, मारिया पाच. फिरत फिरत ते कॅनडात पोहोचले आणि ओकव्हिलला स्थायिक झाले. तिथे वडिलांनी पुन्हा बुचांचाच धंदा उभा केला. मुलं बर्फावर वाढली आणि कॅनडाची विजेती जोडी झाली.

स्पर्धा प्रागला भरणार म्हटल्यावर मोठा पेच पडला. कॅनडाच्या लेखी ती दोघं कॅनडाची. पण झेकोस्लोव्हाकियाच्या लेखी ती अजूनही त्यांचीच, तीही पळून गेलेली. ओटो तर लष्करी नोकरीच्या वयाचा. प्रागमध्ये पाऊल ठेवल्यावर परतच जाऊ दिलं नाही तर? आंतरराष्ट्रीय संघटनेने स्पष्ट सांगितलं, या दोघांच्या सुरक्षिततेची हमी द्या, नाहीतर स्पर्धा दुसरीकडे नेऊ. शेवटी तिथल्या सरकारने त्यांना आपल्या नागरिकत्वातून मोकळं केलं. म्हणजे जन्मगावी जायचं तर आधी कागदावर त्या गावाचे कुणीही नसावं लागलं!

हे वाक्य मी नातीला दोनदा समजावून सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना माझाच आवाज जरा बदलला. का ते पुढे सांगते.

प्रागच्या त्या नव्याकोऱ्या क्रीडागृहात हजारो लोक जमले होते. पुरुषांच्या स्पर्धेत आकृत्यांच्या फेरीनंतर यजमानांचा कारोल दिवीन पुष्कळ पुढे होता. घरचा मुलगा जिंकणार असंच वाटत होतं. मग कॅनडाचा 21 वर्षांचा डोनाल्ड जॅक्सन मुक्त फेरीसाठी उतरला. संगीत 'कार्मेन'चं. पहिल्याच झपाट्यात त्याने तिहेरी लुट्झ मारली. लुट्झ ही उडी ऑस्ट्रियाच्या आलोइस लुट्झच्या नावाने ओळखली जाते. पाठीमागे सरकत एका बाजूला वळायचं आणि उडी मात्र त्याच्या उलट दिशेला फिरवायची, म्हणून ती अवघड. हवेत तीन पूर्ण फेऱ्या घेऊन स्पर्धेत ती कुणीही त्याआधी मारली नव्हती. त्यानंतरही बारा वर्षं कुणाला जमली नाही.

ते चित्रण आज इंटरनेटवर पाहता येतं. काळंपांढरं, जरा धूसर. नात आणि मी आपापल्या पडद्यावर ते एकाच वेळी पाहिलं. तिने मला अचूक जागी थांबवून दाखवलं, "बघ आजी, इथे! पाय बघ!" खरं सांगते, मला पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. एक पोरगा उडाला आणि उतरला. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा तो उतरतो कसा ते दिसलं. पाय किंचित वाकतो, पाठ सरळ राहते, आणि तो असा मागे घसरत जातो की जणू उडी मारलीच नव्हती. जॅक्सनला त्या दिवशी तब्बल सात वेळा सहापैकी सहा मिळाले. तो कॅनडाचा पहिला पुरुष जगज्जेता झाला, दिवीन दुसरा, फ्रान्सचा आलें काल्मा तिसरा. महिलांत नेदरलँड्सची स्यॉक्ये दाइकस्ट्रा जिंकली. आकृत्यांत तिचा हात, म्हणजे पाय, धरणारं कुणी नव्हतं.

जोड्यांच्या स्पर्धेत ओटो आणि मारिया उतरली. ओटो 21, मारिया 19. अंगावर कॅनडाचे रंग, आणि भोवती लहानपणी घरात ऐकलेली भाषा. समोर सोव्हिएत संघाची लुद्मिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव ही जोडी होती. बर्फावर बॅले उतरवणारी ही जोडी पुढे 1964 आणि 1968 अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णं जिंकली. जोड्यांना तेव्हा आकृत्या नसत. संगीतावरचं एकच सादरीकरण, आणि त्यातच सगळा निकाल. येलिनेक भावंडं जिंकली. चौदा वर्षांपूर्वी ज्या शहरातून त्यांना पळून जावं लागलं, त्याच शहराने त्यांना टाळ्यांच्या कडकडाटात उचलून धरलं.

याहून मोठी गंमत नातीने शोधली. बर्फावरच्या नृत्याच्या प्रकारात 1952 पासून दरवेळी ब्रिटिश जोडीच जगज्जेती ठरत होती. प्रागमध्ये ती रांग तुटली. जिंकली ती यजमानांची जोडी, एवा रोमानोवा आणि पावेल रोमान. एवा 16 वर्षांची, पावेल 19 चा. आणि तीही सख्खी भावंडं!

म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच बर्फावर, एकाच प्रेक्षकांपुढे दोन भाऊ-बहीण जगज्जेते झाले. एक जोडी घर सोडून गेलेली, एक घरीच राहिलेली. टाळ्या वाजवणारे हात तेच.

"आजी, मग त्यातले गुड कोण होते?" नातीचा प्रश्न. गोष्टीत कुणीतरी बरोबर आणि कुणीतरी चूक असावं लागतं, अशी तिची समजूत. मी म्हटलं, बाळा, चौघंही चांगलीच. एकाने जावं आणि एकाने राहावं असं घराघरांत होतं.

आता माझा आवाज का बदलला ते सांगते. आम्हीही दोनच भावंडं. दादा आणि मी. 1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. आमच्या दांडिया बाजारच्या घरात त्या दिवशी वरण-भातच शिजला, गाव कुठे गेलं नाही, पण मोठी माणसं रात्री उशिरापर्यंत ओट्यावर बोलत बसली होती. काहींनी पुणं गाठलं, काहींनी मुंबई. पुढे दादाही नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. मी इथेच राहिले. लग्नानंतर यजमानांची नोकरी खताच्या कारखान्यात, म्हणून छाणीला आलो. तेव्हा छाणी म्हणजे बडोद्याबाहेरचं खेडं. तळं, देरासरं, जकात नाका आणि हायवेवरून रात्रभर जाणारे ट्रक. आमच्या आळीत मराठी घर एकच, आमचं. शेजारच्या बेनने पहिल्या दिवशी ढोकळा आणून दिला आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळी शिकायला आली.

पुण्याला गेले की वहिनीच्या मैत्रिणी हसून म्हणतात, "तुमच्या मराठीला गुजराती वास येतो हो." इथे भाजीवाला म्हणतो, "तमे तो मराठी ने?" चाळीस वर्षं झाली, तरी विचारतो. रागाने नव्हे, सहज. पण दोन्हीकडे आपण थोडे पाहुणेच, असं कधीतरी मनाला लागतं. दादा तर एकदा भर पंगतीत म्हणाला होता, "तू आता आमच्यातली राहिली नाहीस." ते विनोदाने होतं. आम्ही त्यानंतर दीड वर्ष फोनवर बोललो नाही.

यजमान जाऊन चार वर्षं झाली. लेकीचं म्हणणं असं की छाणीचं घर विकून टाक आणि कायमची इकडे ये. तिचं चुकीचं नाही. दलाल दोनदा येऊन गेला. हायवे रुंद झाला, चहूबाजूंनी उंच इमारती आल्या, भाव चांगला आहे. गेले वर्षभर मी "बघू" एवढंच म्हणत होते.

येलिनेकांची पुढची गोष्ट नातीनेच वाचून दाखवली. ओटो कॅनडाच्या संसदेत निवडून गेला, मंत्री झाला, एक काळ क्रीडा खातंही त्याच्याकडे होतं. 1989 साली प्रागमधली कम्युनिस्ट सत्ता गेली. त्यानंतर तो उद्योगधंद्याच्या निमित्ताने पुन्हा प्रागला जाऊन राहिला, आणि 2013 साली कॅनडाने त्याला तिथला आपला राजदूत नेमलं. ज्या गावातून आठव्या वर्षी पळाला, तिथे सत्तरी ओलांडल्यावर दुसऱ्या देशाचा राजदूत! राहिलेल्या भावंडांचं नशीब निराळं. एवा आणि पावेलने सलग चार वर्षं, 1962 ते 1965, जगज्जेतेपद राखलं. पण पावेल 1972 साली अमेरिकेत मोटार अपघातात गेला, तिशीच्या आत. आणि त्या रशियन जोडीने, बेलोउसोवा आणि प्रोतोपोपोवने, 1979 साली आपला देश सोडून स्वित्झर्लंडमध्ये आसरा घेतला. म्हणजे 1962 च्या त्या बर्फावर कोण घरचं आणि कोण बाहेरचं, हे पुढे आयुष्यभर बदलतच राहिलं.

नातीचा प्रोजेक्ट झाला. तिने शेवटी एक ओळ आपल्या मनाने घातली, ती मला मराठीत सांगितली, "ते तिकडचे पण होते आणि इकडचे पण होते." बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली म्हणे. चांगल्या अर्थाने की व्याकरणाच्या, ते विचारलं नाही.

त्या रात्री मी दादाला फोन केला. प्रागची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ ऐकत होता, मग म्हणाला, "आपल्या दांडिया बाजारच्या ओट्याचा फोटो आहे का गं तुझ्याकडे?" होता. पाठवला.

लेकीला सांगितलं, हिवाळा सोडून सहा महिने मी येईन, रिंकच्या बाकावर बसेन, पडताना डोळे मिटणार नाही. पण घर राहू दे. किल्ली शेजारच्या बेनकडे. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, आम्ही दिवाळीला येतो."

नात येताना चाकांचे स्केट्स आणणार आहे. बर्फ नसला तर आजीच्या ओटल्यावर चालेल का, असं विचारत होती. ओटल्याच्या कडेची एक फरशी बरीच वर्षं फुटलेली होती, घर विकायचंच तर कशाला दुरुस्त करा म्हणून तशीच ठेवली होती. परवा गवंड्याला बोलावून ती बदलून घेतली.